खान्देशवासीयांना जाहीर आवाहन: परदेशात डांबलेल्या आपल्या माणसासाठी उभे राहा



पोरगा परदेशात अटकेत आहे हे सांगायला एक माय गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयात गेली. ‘तो गेलाच कशाला?’ एवढंच ऐकून परत आली. यापुढे हे ऐकून घ्यायचं नाही!

बोरविहीर आठवा. २९ सप्टेंबर २०१६ रोजी तिथले जवान चंदू चव्हाण चुकून नियंत्रणरेषा ओलांडून गेले आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. बातमीच्या धक्क्याने आजीने प्राण सोडला. २१ जानेवारी २०१७ रोजी ते वाघा सीमेवरून परतले. तेव्हा संरक्षण राज्यमंत्री धुळ्याचेच खासदार सुभाष भामरे होते, पाठपुरावा झाला. पण चाळीसगावच्या वेल्डरचा, शिरपूरच्या ड्रायव्हरचा दिल्लीत कोण बसलाय?

माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव २०१६ पासून पाकिस्तानच्या कैदेत. वकिलातीची भेट नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला, असा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. जाधव अजून सुटलेले नाहीत. सरकारनेच २०२५ मध्ये संसदेत आकडा दिला: परदेशी तुरुंगांत १०,१५२ भारतीय. ‘त्यांनी गुन्हे केले असतील.’ असतील काहींनी! म्हणून निर्दोषांनीही सडायचं?

परदेशात डांबलेल्या आपल्या नागरिकांसाठी अमेरिकेने २०२० साली कायदा केला. नागरिकांना नाहक डांबणाऱ्या देशांवर शिक्का मारून निर्बंध लादण्याचा आदेश सप्टेंबर २०२५ मध्ये काढला. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, २००९ पासून समुदाय कल्याण निधी आहे. पण हे सगळं माणूस अडकल्यावर. त्याला हात लावण्याआधी परक्या देशाने दहादा विचार करावा, असा कायदा कुठे आहे?

ग्रामसभेत अशा कायद्याच्या मागणीचा ठराव घ्या. जळगाव, रावेर, धुळ्याच्या खासदारांना परदेशी तुरुंगांतल्या भारतीयांचे जिल्हावार आकडे संसदेत विचारायला लावा. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी नसलेल्या एजंटला रुपया देऊ नका. टुरिस्ट व्हिसावर नोकरीला पाठवणारा तर फसवतोच आहे. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्राच्या झेरॉक्स घरी ठेवा. अटक कळताच त्याच दिवशी ‘मदद’वर तक्रार आणि वकिलातीला ईमेल. आपल्या वकिलातीला कळवा, असं सांगण्याचा हक्क अटकेतल्या माणसाला १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे, हे पोरांकडून जाण्याआधी पाठ करून घ्या. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नाही!

लग्नाच्या पंगतीला हजार माणसं जमवतो आपण, आणि अडकलेल्याच्या घरी चौकशीलाही जात नाही. लाज वाटली पाहिजे. आमचे कार्यकर्ते कुणाचा चहासुद्धा न घेता रात्री-बेरात्री तक्रारी भरून देतात, यापुढेही देतील. ठरावाची शिक्क्याची प्रत तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे द्या; सगळ्या प्रती घेऊन आम्ही परराष्ट्र मंत्रालयात जाणार आहोत.