मुले आमच्या हाती सोडून जाऊ नका

रविवारची मिस्सा संपते. धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी मुले थांबतात आणि त्यांचे आईवडील मोटारसायकल वळवून बाजाराकडे निघून जातात. तासाभराने परत येऊन ते मुलाला मागे बसवतात आणि घरी नेतात. पेणला काय नि रोह्याला काय, हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. एकदा एका वडिलांना मी सहज विचारले, "घरी मुलाबरोबर प्रार्थना करता का?" ते मोकळेपणाने म्हणाले, "फादर, त्यासाठीच तर त्याला तुमच्याकडे पाठवतो." त्या उत्तरात उद्धटपणा नव्हता, विश्वासच होता. म्हणूनच मला त्याची अधिक भीती वाटली.

आठवड्याचे तास १६८. त्यांतला एक आमच्या वाट्याला येतो. उरलेल्या १६७ तासांत जे घडत नाही, ते या एका तासात घडवून आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही धर्मगुरूपाशी किंवा धर्मशिक्षिकेपाशी नाही. ते आहे असे मानणे ही पालकांची आणि आमचीही आत्मवंचना आहे.

हे काम आमच्या एकट्यावर कधीच सोपवलेले नव्हते. अनुवादाच्या पुस्तकातील सहावा अध्याय उघडून पाहा. मुलांच्या मनावर परमेश्वराचे वचन बिंबवण्याची आज्ञा तेथे केवळ याजकांना नव्हे, तर साऱ्या इस्राएलला, म्हणजे घराघराला दिलेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आणि मुलांना श्रद्धेची पहिली घोषणा आईवडिलांनी करावी असे सांगितले. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाच्या कपाळावर धर्मगुरू क्रुसाची खूण करतो आणि त्यापाठोपाठ आईवडीलही करतात. तो क्षण छायाचित्रापुरता नसतो. साऱ्या मंडळीसमक्ष तेथे एक जबाबदारी स्वीकारलेली असते.

यावर पालकांचे पहिले उत्तर असते, "आम्हाला एवढे ज्ञान कुठे?" त्यांनी पेण, हमरापूर किंवा जोहे येथील गणेशमूर्तींच्या एखाद्या कारखान्यात जाऊन यावे. त्यांची श्रद्धा वेगळी, आपली वेगळी; पण तेथील शिकवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मूल बापाशेजारी बसून आधी मातीशी खेळते, मग रंगाला हात लावते, आणि कित्येक वर्षांनी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्याच्या हाती येते. बापाने त्याला व्याख्यान दिलेले नसते. त्याने मुलाला फक्त जवळ बसू दिलेले असते.

आपल्याच बांधवांचे उदाहरण हवे असेल, तर रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लईकडे पाहा. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीतील पोर्तुगीजमिश्रित बोली मात्र मागे राहिली आणि आजही तेथे ऐकू येते. ती टिकवायला ना राज्य होते, ना तिची पाठ्यपुस्तके. आया चुलीपाशी मुलांशी तीच बोली बोलत राहिल्या, एवढाच तिचा आधार. श्रद्धेचीही गत अशीच असते. जी घरात बोलली जात नाही, ती रविवारच्या वर्गाने जगत नाही.

दुसरे उत्तर वेळेचे. धाटावच्या कारखान्यात पाळीपाळीने राबणाऱ्या बापाची ओढाताण मला ठाऊक आहे. पण मी जे मागतो आहे, त्याला वेगळा वेळ लागत नाही. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या आदिवासी बाईशी आपण कोणत्या सुरात घासाघीस करतो, दुकानदाराने चुकून दिलेले जादा पैसे परत करतो की खिशात घालतो, रात्री भांडण झाल्यावर आईवडिलांपैकी आधी कोण क्षमा मागतो, हे सारे मूल पाहत असते. त्याचा खरा धर्मशिक्षणाचा वर्ग तोच. तेथे सुट्टी नसते आणि चुकीचा धडाही तितकाच पक्का पाठ होतो.

या भागात आपण मूठभर आहोत. शाळेच्या वर्गात आपले मूल बहुधा एकटेच ख्रिस्ती असते. उद्या एखादा मित्र त्याला निर्मळ कुतूहलाने विचारील, "तुम्ही लोक नेमके काय मानता?" तेव्हा पाठ केलेली प्रश्नोत्तरे त्याच्या कामी येणार नाहीत. घरात जे पाहिले, तेच तो सांगेल. पाहिलेच नसेल, तर तो मान खाली घालील. आणि पुढे वयात आल्यावर, कोणताही वाद न घालता, आपल्यातून निघून जाईल.

यात आम्हा धर्मगुरूंचा अपराध लहान नाही. आम्ही हजेरीपट ठेवले, परीक्षा घेतल्या, प्रमाणपत्रे वाटली, संतांच्या वेषभूषेच्या स्पर्धा भरवल्या आणि भरलेली बाके पाहून समाधान मानले. वर्ग बंद करा, असे मी म्हणत नाही. एकट्या पडलेल्या मुलांना त्या तासात आपल्यासारखी आणखी चार मुले भेटतात, हेही मोठे देणे आहे. पण प्रथम कम्युनियनच्या तयारीला यापुढे मुलाबरोबर आईने किंवा वडिलांनीही बसावे, असा माझा आग्रह राहील. ज्याला तेही शक्य नाही, त्याच्या घरी मी स्वतः येईन. आजी असेल तर आजीने बसावे. मात्र दारात सोडून परतणे आता पुरे.

आज रात्री मूल झोपण्यापूर्वी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण करा. स्नानसंस्काराच्या दिवशी तुम्ही ती केली होती. त्यानंतर किती वेळा केली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.