छप्पराच्या गाडीचे आतले काम



या सदरात आपण एरवी पीक, पाणी आणि जनावरे यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण फार लांबचा नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या गोठ्यात तो अडगळ म्हणून पडून असेल.

गेल्या माघात भोगावतीकाठच्या एका गावी खोडव्यात पाचट कुजवण्याचे प्रात्यक्षिक होते. काम आटोपल्यावर त्या घरी चहाला बसलो. गोठ्याच्या पडवीत, पिंजराच्या गंजीआड, जुनी छप्पराची गाडी उभी दिसली. जू काढून ठेवलेले, छप्पर एका अंगाला कललेले, आत कोंबड्या बसलेल्या. घरचा मुलगा म्हणाला, "साहेब, एका हॉटेलवाल्याला नुसती चाकं पाहिजेत, दाराशी शोभेला. बाकीचं जळणाला घालतो." तोच चुलीपासून म्हातारीचा आवाज आला, "सायेब, त्याला सांगा, त्या गाडीत बसून मी ह्या घरात नांदाय आलो. मी हाय तवर तिला कुऱ्हाड लावायची न्हाई."

मुलाची बाजूही अगदी खोटी नव्हती. घरात बैल राहिले नाहीत, ट्रॅक्टर आला. पडवीतली तेवढी जागा अडते. मग त्यानेच दुसरा बेत सांगितला. मे-जून महिन्यांत काजवे बघायला आणि एरवी दाजीपूरचे गवे बघायला शहरची माणसे राधानगरीकडे येतात. गाडीच्या आत प्लायवूड ठोकून, फोमची गादी आणि रेक्झिन लावून ती मळ्यात उभी करावी, पाहुण्यांना एक रात्र राहायला द्यावी. मोबाईलवर त्याने परदेशी कॅराव्हॅन पाहिल्या होत्या. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण केले, हेही त्याला ठाऊक होते. मी म्हटले, "ते धोरण मोटारीच्या फिरत्या घरांचं. तुझी गाडी त्यात बसत नाही. पण कृषी पर्यटनाचंही धोरण २०२० साली आलं आहे, त्याची चौकशी कर. गाडीचं मात्र आधी गाडी म्हणून बघू."

फिरते घर ही कल्पना साहेबांनीच काढली असे समजू नये. आपल्या बायाबापड्या जोतिबाच्या चैत्री यात्रेला, चिंचलीच्या मायाक्काला अशाच गाड्यांतून जात. राधानगरीकडून जोतिबाला जायचे तर वाटेत मुक्काम पडायचाच. बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची, पोरे गाडीत आणि गडी गाडीखाली झोपायचे. इंग्लंडमध्ये हौसेने भटकण्यासाठी बांधलेली म्हणून नावाजलेली पहिली गाडी १८८५ सालची. ब्रिस्टलच्या एका गाडी-कारखान्याने ती डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टरला बांधून दिली. नाव 'वाँडरर', वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे आणि आत महॉगनीचे काम. ती आजही जपून ठेवलेली आहे. आमच्या गाड्यांच्या नशिबी मात्र कोंबड्या!

कोंबड्या हुसकून आम्ही आत शिरलो. पाहिले ते सांगतो, कारण आता अशा गाड्या थोड्याच राहिल्या. साठ्यावर सागाच्या अकरा फळ्या. मागल्या अंगाला बसायची पेटी, तिच्यात शिधा आणि कपडे राहात. मेसकाठीच्या पाच कमानी, त्यांवर बांबूचा तट्ट्या, तट्ट्यावर किलतान आणि त्यावर ताडपत्री. आतून जुन्या इरकली लुगड्याचे अस्तर, हाताने टाचलेले. मधल्या कमानीला कंदिलाची आकडी आणि बाजूला पानसुपारीची शिवलेली कप्पी. एवढ्या जागेत पाच माणसांचा संसार चार-पाच दिवस चाले.

अस्तर काळे पडले होते. चार फळ्यांची टोके बोटाने दाबली तर आत जात होती. मुलगा म्हणाला, छप्पर गळते, नवी ताडपत्री टाकू. गावचे सुतारमामा म्हणाले, सगळ्या फळ्या बदलू. मी म्हटले, पाणी कुठून येते ते आधी बघू. मी शेतकी पदवीधर, सुतार नव्हे. पण झाड पिवळे पडले की आधी मुळे बघावीत, ही सवय अंगात मुरलेली आहे.

एका कोरड्या दिवशी गाडी अंगणात ओढली. मुलगा खडू घेऊन आत बसला. मी छपरावर झारीने हळूहळू पाणी सोडले, आधी खालच्या कडेला, मग वर. जिथे थेंब दिसेल तिथे त्याने खूण करायची. सगळ्या छपरात मिळून दोनच खुणा झाल्या, त्याही पुढल्या कमानीपाशी. एवढ्याने चार फळ्या कुजणार नाहीत. मग गाडी पूर्वीच्या जागी लावून वर पाहिले, तर मागला भाग नेमका वळचणीखाली येत होता. कौलांची पागोळी वर्षानुवर्षे पेटीवर आणि फळ्यांच्या टोकांवर पडत होती. चाके शेणामुताच्या ओल्या जमिनीत, तीही ओल वर चढत होती. राधानगरीच्या पावसात हे असे किती पावसाळे गेले असतील! नवी ताडपत्री टाकली असती तरी फळ्या पुन्हा कुजल्याच असत्या. म्हणून पहिला खर्च गाडीवर नव्हे, कौलांवर झाला. गाडीची जागा बदलली आणि चाकांखाली सपाट दगड घातले.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या घराच्या माळ्यावर ओल दिसू नये म्हणून मी आतून प्लायवूड आणि वर रेक्झिन मारले. काम वैशाखात झाले, बघणारे वाहवा म्हणाले. गणपतीला पाहुणे आले तेव्हा खोलीत कुबट वास मारत होता. प्लाय फुगले होते आणि त्यामागे बोटभर बुरशी. ओल झाकली की ती जात नाही, तिला आडोसा मिळतो. त्या मुलाला फोम आणि रेक्झिन नको म्हटले ते याच अनुभवावरून. तट्ट्या आणि कापड यांतून वारा खेळतो. आपल्या वाडवडिलांनी आत तेच वापरले, त्यात गरिबीइतकेच शहाणपणही होते.

मग उसवाउसव. प्रत्येक कमानीवर, फळीवर खडूने आकडे घातले आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवले. हे काम कंटाळवाणे वाटते, पण परत जोडताना तेच उपयोगी पडते. ओल्या फळ्या उन्हात टाकू नयेत. बाहेरून झपाट्याने वाळतात, आतून ओल्या राहतात आणि फाटतात. सावलीत, वारा लागेल अशा, मध्ये काठ्या घालून रचाव्यात. वाळल्या की नाही हे कसे ओळखावे? एक फळी दर आठवड्याला त्याच काट्यावर तोलायची. वजन उतरत आहे तोवर ओल निघते आहे. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच भरले की काम सुरू करायचे. आमचे चैत्री पुनवेपर्यंत वजन उतरतच होते. म्हातारीच्या मनात त्याच गाडीने जोतिबाला जायचे होते, ते हुकले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

वाळल्यावर सुतारमामांनी टोच्याने एकेक फळी तपासली. टोच्या सहज शिरतो तिथे लाकूड मेलेले. अकरापैकी सात फळ्या खणखणीत निघाल्या. चार फळ्यांची फक्त टोके गेली होती. ती तिरकी कापून तितकाच सागाचा जोड दिला. सात चांगल्या फळ्या चुलीत जायच्या त्या वाचल्या. जोडाचे लाकूडही तितकेच वाळलेले हवे. ओले घातले तर सांधा उघडतो.

भोके दिसली की लाकूड किडले म्हणून घाबरू नये. भोक जुने असते, कीड कधीच निघून गेलेली असते. लाकूड झटकून खाली काळा कागद अंथरावा आणि पंधरा दिवसांनी पाहावे. पिठासारखा ताजा भुगा पडला असेल तर भुंगेऱ्याच्या अळ्या आत जिवंत आहेत. आमच्या फळ्यांखाली कागद स्वच्छ राहिला, पण दोन कमानींखाली भुगा पडला.

बांबूतला भुंगेरा बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो. म्हणून कोवळी काठी लवकर किडते. तीन वर्षांपुढची जून काठी घ्यावी, ती पावसाळा सरल्यावर थंडीत तोडलेली असावी. जुने लोक काठ्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवत. त्याने हा अंश धुऊन जातो. आता त्याच्या जोडीला औषध आहे. शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड विरघळवून त्यात कमानी आणि तट्ट्याच्या कांब्या आठवडाभर बुडवाव्यात, नंतर सावलीत वाळवाव्यात. हातमोजे घालावेत, जनावर तोंड लावणार नाही असे पिंप झाकावे. उरलेले पाणी भाजीच्या वाफ्यात ओतू नये. बोरॉन चिमूटभर लागते, जास्त झाले की पाने करपतात. हे औषध पावसाने धुपते, म्हणून ते छपराखालच्या कामालाच योग्य. त्या घरी परसात मेसाचे बेट होते आणि थंडीत तोडलेल्या काठ्या माळ्यावर होत्या, त्यातल्या दोन विस्तवावर शेकून वाकवल्या. २०१७ साली कायदा बदलला, तेव्हापासून जंगलाबाहेर स्वतःच्या रानात वाढलेला बांबू 'झाड' धरला जात नाही. पण अभयारण्यातल्या काठीला कोयता लावू नका.

आता रंगाचे. ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गाडीच्या पेटीला जुना तांबडा तेलरंग होता. अशा जुन्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. जुना रंग कोरडा घासला तर धूळ पोरांच्या पोटात जाते. खपल्या गोठ्यात पडल्या तर जनावरे चाटतात, आणि शिशाने जनावर आंधळे होते, झटके येऊन दगावते. रंग ओला करून खरवडावा, खाली कागद घालून खपल्या गोळा कराव्यात आणि त्या उकिरड्यावर टाकू नयेत. उकिरड्याचे खत शेतातच जाते. लाकडाला इंजिनाचे जळके ऑईल फासण्याचीही आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. ते अंगाला आणि कपड्यांना लागते, आणि त्यालाही जनावर जीभ लावते.

आम्ही फळ्यांना बेल तेलाचे दोन पातळ हात दिले. बेल तेल म्हणजे उकळलेले जवसाचे तेल. ते वाळताना हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि गरम होते. त्या तेलाचे बोळे ढीग करून टाकले तर काडी न लावता पेट घेतात. सुतारमामांनी पहिल्या संध्याकाळी बोळे पिंजराच्या गंजीशेजारीच टाकले होते! मी ते पाण्याच्या बादलीत बुडवले, मग अंगणात कुंपणावर एकेक पसरून वाळू दिले. सुतारमामा हसले. मीही रागावलो नाही, पण त्या रात्री घरी जाण्यापूर्वी गंज पुन्हा एकदा बघून आलो.

अस्तराचा प्रश्न म्हातारीने स्वतः सोडवला. मुलाने तालुक्याहून फुलाफुलांचे कापड आणले होते. तिने ते बाजूला ठेवले. काळे अस्तर रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतले, फाटले तिथे आपल्याच दुसऱ्या लुगड्याची ठिगळे लावली, वाकळ टाचतात तसे टाचले आणि ते कमानींना नुसते बांधले. खिळा नाही, डिंक नाही. पावसाळ्यापूर्वी सोडून धुता यावे म्हणून. एवढे साधे मला सुचले नव्हते. तिचे फुलांचे कापड पेटीवरच्या गादीला लागले, आणि गादीत कापूस भरला.

ज्येष्ठातल्या बेंदराला मला बोलावणे आले. शेजारचे बैल मागून आणले होते, शिंगे रंगवलेली, पाठीवर झुली. नातवंडांनी म्हातारीला हात देऊन वर घेतले. ती आधी बसली नाही, वाकून सगळीकडे पाहिले, कप्पीत हात घालून पाहिला. मग आकडीकडे बघून म्हणाली, "कंदील कुठं हाय?" मुलाने तिथे बॅटरीचा दिवा लावला होता. कापड आणि बांबूच्या आत कंदील नको, असे मीच सांगितले होते. तिने माझ्याकडे रोखून पाहिले आणि मग पदर सावरून बसली.

गाडी देवळापर्यंत जाऊन परत वळली तोच पावसाची मोठी सर आली. मुलगा मागे धावत आला आणि त्याने आत डोके घातले. "आई, गळतंय काय?"

"मागनं वाईच येतंय," आतून उत्तर आले. "तेवढं पयल्यापासनंच येत हुतं."