ओळ खोडण्याआधी
चालू प्रोग्रॅममधली विचित्र दिसणारी ओळ तिचा इतिहास वाचल्याशिवाय खोडू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलसाठी लिहिलेल्या गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत हा इतिहास वाचण्याचं काम एका कमांडचं आहे. ‘गिट लॉग’ला ‘पी’ पर्याय आणि फाइलचं नाव दिलं, की प्रत्येक बदल नाव, तारीख, संदेशासकट उलगडतो. गेलेल्या ओळींआधी वजाचं चिन्ह, आलेल्यांआधी अधिकचं. बरेच जण ‘गिट ब्लेम’वर थांबतात. पण ते ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला एवढंच सांगतं, आणि त्या हाताने कदाचित नुसता समास सरकवलेला असेल. संदेशात ‘फिक्स’ एवढंच खरडलेलं असेल तर काय वाचायचं, हा आक्षेप रास्त आहे. तरीही त्याच कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, आणखी कोणत्या फाइली बदलल्या, सोबत कोणती चाचणी आली, हे ते कमिट पूर्ण उघडलं की दिसतंच, आणि मला तर ती चाचणी संदेशाहून बोलकी वाटते. फाइलचं नाव बदललं की माग तुटतो, हेही अर्धंच खरं. गिट नामांतराची नोंद ठेवत नाही, पण ‘फॉलो’ पर्याय दिल्यावर मजकुराच्या साम्यावरून जुनी फाइल शोधून काढतं. नामांतरासोबतच मजकूरही भरमसाट बदलला असेल, तर मात्र तो अंदाज फसतो.