मोबाईलवरचे गेम : मला आवडलेले आणि उगाच नावाजलेले



मागच्या अंकात ‘मोबाईल : शाप की वरदान’ हा निबंध लागला होता. त्यात शापच जास्त होता. मी तो सगळा वाचला, पण त्यात एकाही गेमचे नाव नव्हते. आंबा न चाखता आंब्यावर निबंध लिहावा तसे ते झाले. सगळे गेम सारखे नसतात. काही खरोखर चांगले असतात आणि काहींचे उगाच नाव झालेले असते. मी गुरुजींना म्हटलं, मी लिहू का? गुरुजी म्हणाले, लिही, पण खरं लिही.

तर आधी खरे सांगतो. मोबाईल माझा नाही, बाबांचा आहे. बाबा मळ्यातून आले की मला अर्धा तास मिळतो, तोही चार्जिंग उरले असेल तर. मोठे गेम मी दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला मावशीकडे गेलो तेव्हा मावसभावाच्या कॉम्प्युटरवर पाहिले.

आमच्या वर्गात सगळ्यात जास्त बोलबाला आहे तो बंदुकीच्या गेमचा. पबजी २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंद केला. २०२१ च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला. २०२२ च्या जुलैत तोही गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. एवढी ये-जा तर आमच्या गावची मुक्कामी एसटीसुद्धा करत नाही! या गेममध्ये शंभर जण विमानातून उड्या मारतात आणि शेवटी एक जण किंवा एक टोळी उरते. बाकीचे सगळे मेले. खोटं कशाला बोलू, उडी मारताना मलाही मजा येते. पण नंतर झुडपात लपून बसायचे, बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग मागून कुणीतरी गोळी घालतो. कोणी घातली तेही कळत नाही. खो-खोत आपण बाद झालो तर निदान कोणी बाद केले ते समोर दिसते. माझ्या मते हा गेम उगाच नावाजलेला आहे. ज्यांना राग येईल त्यांनी यावा, मी मधल्या सुट्टीत चिंचेखाली असतो.

दुसरे असे की या प्रकारच्या गेममध्ये कपडे आणि बंदुकीचे रंग विकत मिळतात. ओळखीतल्या एका मुलाने एका गेमसाठी (नाव लिहीत नाही) आईच्या खात्यातले दोन हजार रुपये घालवले. आईला बँकेत गेल्यावर कळले. त्या पैशात निंदणीच्या बायकांची मजुरी द्यायची होती. मिळाले काय, तर एक लाल कोट, तोही मोबाईलच्या आत. पैसे लावून खेळायची रमी वगैरे तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदच केली, ते बरे झाले.

आता चांगले गेम. पहिला नंबर मी सापाच्या गेमला देतो. हसू नका. आजोबांच्या बटणाच्या मोबाईलमध्ये आहे तो. फिनलंड देशातल्या नोकिया कंपनीने १९९७ साली आपल्या फोनमध्ये पहिल्यांदा हा साप घातला. त्यात रंग नव्हते, गाणी नव्हती. साप खातो आणि लांब होतो. त्याला शत्रू कोणीच नाही, तो भिंतीला नाहीतर स्वतःच्याच शेपटाला धडकून मरतो. म्हणजे हरलो तर आपणच हरलो, दुसऱ्याला शिव्या देता येत नाहीत. आजोबांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, तरी ते माझ्यापेक्षा जास्त लांब साप करतात.

दुसरा लुडो किंग. हा आपल्या महाराष्ट्रातला, नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ साली काढलेला. आपल्या पचिशीवरून इंग्रजांनी लुडो केला आणि तो फिरून मोबाईलमधून आपल्याच ओसरीवर आला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळीकडे तोच चालू होता. त्याला इंटरनेट लागत नाही आणि एकाच मोबाईलवर चौघे खेळू शकतात, हे आमच्या घरी फार महत्त्वाचे आहे. आजी फासा टाकण्याआधी पडद्यावर फुंकर मारते. आई एरवी मोबाईल ठेव, मोबाईल ठेव म्हणते, पण तिची सोंगटी घरात जायची असली की भाजी करपली तरी उठत नाही.

तिसरा ‘राजी’. पुण्यात बनलेला, २०२० साली आलेला. सर्कशीत काम करणारी राजी नावाची मुलगी आपला भाऊ गोलू याला राक्षसांकडून सोडवायला निघते. तिच्याकडे त्रिशूळ असतो. त्यातले वाडे आणि देवळे पाहून वाटते, अरे हे तर आपल्याकडचेच. मी फक्त सुरुवातीचाच भाग खेळलो, तेवढ्यात मावशी जेवायला बोलवू लागली. आमच्या वर्गातल्या मुलींनी तो जरूर पाहावा. (मुलांनी पण.)

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो गेम. शेतीचा. त्याचे नाव ‘हे डे’. हे म्हणजे वाळलेले गवत, ‘हे काय’ मधले हे नव्हे. २०१२ साली आलेला हा गेमसुद्धा फिनलंडचाच आहे. शहरातल्या लोकांना तो फार आवडतो. मावशीच्या बिल्डिंगमध्ये ज्यांनी कधी विळा धरला नाही, तेही त्यात शेती करतात. गहू दोन मिनिटांत तयार होतो, मका पाच मिनिटांत. पीक काढायला उशीर झाला तरी ते वाळत नाही, सडत नाही, कितीही दिवस तसेच उभे राहते. पाऊस नको तेव्हा येत नाही. लाईट रात्री दोनला येत नाही. मलाही तो आधी आवडायचा.

२६ नोव्हेंबर २०२३ ला आमच्या निफाड तालुक्यात गारा पडल्या, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. द्राक्षाची छाटणी होऊन घड नुकतेच धरत होते. दुसऱ्या दिवशी बागेत गेलो तर पाने फाटलेली आणि कोवळे घड खाली मातीत. वर्षाचा माल गेला. संध्याकाळी घरात कोणी बोलत नव्हते, म्हणून मी कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलो आणि गहू काढू लागलो. बाबा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता फटका बसणार. पण ते नुसते बघत राहिले. मी रस्त्याकडेच्या दुकानात गहू विकायला ठेवला आणि आकडा वाढवला.

बाबा म्हणाले, “भाव कोण ठरवतंय?”

मी म्हटलं, “आपणच. एका मर्यादेपर्यंत वाढवता येतो.”

“आपण ठरवायचा?”

“हो.”

बाबांनी मोबाईल हातात घेतला, आकडा एकदा वर नेला, एकदा खाली आणला, आणि मला परत दिला. काही बोलले नाहीत. पुढे दोन आठवड्यांच्या आतच कांद्याची निर्यात बंद झाली, ती २०२४ च्या मे महिन्यापर्यंत. तेव्हापासून तो गेम मी खेळलो नाही. तो वाईट आहे असे नाही. पण त्याला शेतीचा गेम म्हणतात, ते मला पटत नाही.

मावसभाऊ म्हणाला, खरी शेती पाहायची तर ‘फार्मिंग सिम्युलेटर’ बघ. हा स्वित्झर्लंडचा गेम. त्यात ट्रॅक्टर इतके हुबेहूब आहेत की नांगर जोडताना मला डिझेलचा वास आल्यासारखे झाले. २०२१ च्या गेममध्ये द्राक्षेसुद्धा आली आहेत. पण तिथे द्राक्षे मोठे यंत्र काढते. आपल्याकडे आई आणि बाकीच्या बायका कात्रीने एकेक घड कापून अलगद क्रेटमध्ये ठेवतात, कारण मण्यावरची लव पुसली की माल कमी भावात जातो. हे त्या यंत्राला काय माहीत! २०२४ च्या गेममध्ये त्यांनी गारपीट आणि वावटळसुद्धा घातली आहे. मी खूश झालो. मग भावाने दाखवले की सेटिंगमध्ये जाऊन संकटाने होणारे नुकसान बंद करता येते. घरी येऊन मी बाबांना सांगितले. बाबा खूप दिवसांनी मोठ्याने हसले आणि म्हणाले, “ते बटण कुठंय, विचारून ये.”

मी आणि माझ्या बाकावरच्या मित्राने मिळून वहीच्या मागच्या पानावर आमचाच एक गेम काढला आहे. उन्हाळ कांद्याचा. लागवड डिसेंबरात, काढणी एप्रिलमध्ये. मग कांदा चाळीत भरायचा. रोज विचार करायचा, आज विकू की थांबू? थांबलो तर भाव वाढेल, नाहीतर कांद्याला कोंब येतील, सडेल. शेवटी ट्रॅक्टर भरून लासलगावला न्यायचा आणि लिलावात काय आकडा निघतो ते ऐकायचे. तो आकडा आपल्याला बदलता येत नाही. मित्राचे म्हणणे, असा गेम कोणी खेळणार नाही, सगळे हरतील. मी म्हणतो, थोडे जिंकतीलच, मागच्या वर्षी त्याच्याच चुलत्याने थांबून चांगला भाव घेतला होता. आमचे अजून भांडण चालू आहे. फासा ठेवायचा की चिठ्ठ्या काढायच्या, हेही ठरलेले नाही.

पट खडूने व्हरांड्यात काढलेला आहे, सोंगट्या म्हणून चिंचोके ठेवले आहेत. पालकांपैकी कोणाला खेळून बघायचा असेल तर सांगा. आणि भाव कसा ठरवायचा याबद्दल ज्यांना काही सुचेल, त्यांनी कागदावर लिहून गुरुजींकडे द्यावे.