छत ज्याचे त्याचे, तार सगळ्यांची

वीज कोठून येते, हे कन्हानच्या माणसाला शिकवावे लागत नाही. वेकोलिच्या खाणी आमच्या शेजारी, खापरखेडा आणि कोराडीच्या वीज केंद्रांच्या चिमण्याही फार लांब नाहीत. त्याच आमच्या गावात आता स्लॅबच्या घरांवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तीन किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. देशातील एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. हे सारे स्वागतार्हच. परंतु छतावरच्या या विजेने एक जुनाच प्रश्न नव्याने पुढे आणला आहे: तारेचा खर्च कोणी द्यायचा?

हिशेब साधा आहे. तीन किलोवॉटचा संच महिन्याला सुमारे 360 युनिट देतो. समजा, घराचा वापर 300 युनिटचा. त्यातले 100 दिवसा, 200 संध्याकाळी आणि रात्री. म्हणजे दुपारचे 260 युनिट तारेवरून बाहेर गेले आणि रात्री 200 आत आले. नेट मीटरिंगमध्ये दोन्हींची वजाबाकी होते व बिलात स्थिर आकाराखेरीज फारसे काही उरत नाही. तारेने मात्र 460 युनिटची ने-आण केली. तिचा वहन आकार त्या घराने जवळजवळ दिलाच नाही. रात्री लागणारी वीज ही दुपारची साठवलेली वीज नव्हे; ती बहुतांशी कोळशाचीच असते.

खांब, रोहित्रे आणि लाईनमन यांचा खर्च त्यामुळे कमी होत नाही. तो उरलेल्या ग्राहकांवर पडतो. उरलेले कोण? भाड्याच्या खोलीत राहणारा, कवेलूच्या घरातला, ज्याच्याकडे पॅनेलसाठी छतही नाही आणि भांडवलही नाही तो. शिवाय महागड्या टप्प्यातला ग्राहक सौर झाला की गरिबांचा दर सावरणारा हातही आखडतो.

मग सौर ग्राहक दोषी काय? मुळीच नाही. मे महिन्यात भरदुपारी सारे विदर्भ कूलरवर जगते, तेव्हा छतावरची वीज शेजारच्याच घरात वापरली जाते. लांबून वीज आणताना होणारी गळती तेवढी वाचते. या लाभाची किंमतही हिशेबात धरली पाहिजे. विजेची चोरी आणि थकबाकी यांचे ओझे सौर ग्राहकाच्या माथी मारणे हा तर शुद्ध अन्याय होईल.

राज्य वीज नियामक आयोगाने 2020 मध्ये समंजस भूमिका घेतली होती. राज्यातील छतांवरची क्षमता 5,000 मेगावॉट होईपर्यंत ग्रिड आधार आकार लावायचा नाही, असे ठरले. पुढे 2025 च्या दरप्रस्तावात महावितरणने दिवसाची सौर वीज दिवसाच्याच वापरातून वजा करावी, अशी मागणी केली आणि ओरड झाली. त्या वर्षी मार्चमध्ये दरांचा आदेश निघाला, एप्रिलमध्ये त्याला स्थगिती मिळाली, जूनमध्ये फेरविचाराचा आदेश आला. वीस-पंचवीस वर्षांचा संच बसविणाऱ्या कुटुंबाने तीन महिन्यांत बदलणाऱ्या नियमांवर विश्वास कसा ठेवायचा?

कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 मध्ये नव्या सौर ग्राहकांच्या जादा विजेचा मोबदला बराच घटविला. परंतु आधी बसविलेल्यांना वीस वर्षांपर्यंत जुनेच नियम ठेवले. हा विवेक आपणही दाखवावा.

माझ्या मते तीन गोष्टी करता येतील. एक, ज्यांनी संच बसविला त्यांना दिलेला शब्द पाळावा. दोन, तारेचा आकार बिलात वेगळा व उघड दाखवावा. लहान घरांना त्यातून सूट असावी, मोठ्या बंगल्यांनी आणि दुकानांनी तो द्यावा. तीन, ज्यांना छत नाही त्यांना शाळेच्या, नगर परिषदेच्या छतावरील सामायिक संचात वाटा मिळावा आणि त्यांच्या बिलातून तेवढे युनिट वजा व्हावेत.

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. वीजजाळे हे तसेच गावाचे काम आहे. सूर्य कोणाकडे भाडे मागत नाही. पण त्याची वीज रात्री परत मिळावी असे वाटत असेल, तर तारेची वर्गणी ऐपतीप्रमाणे सर्वांनीच भरली पाहिजे.