वजनकाटा गॅरेजमध्ये, टेप हातात

मंडळी, जरा स्पष्टच बोलते. आमचा बाथरूममधला वजनकाटा मी गॅरेजमध्ये टाकला. कारण नऊ वर्षांची लेक त्यावर उभी राहून विचारत होती, "आई, माझा पण आकडा वाईट आहे का?" रोज सकाळी मी काय पुटपुटते, ते ती ऐकत होती!

तसाही तो आकडा मीठ, पाणी, पाळी यांनी किलो-दोन किलो सहज हलतो. आपल्या लोकांची चरबी पोटावर साठते, मधुमेहाचा धोका तिथेच. म्हणून शिवणाची टेप घ्या. महिन्यातून एकदा, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. माप उंचीच्या निम्म्याच्या आत हवं. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंमी, बायकांसाठी ८० ही धोक्याची रेषा.

इलॅस्टिकच्या पँटवर विश्वास नको. दिवाळीचा ब्लाउज खरं सांगतो. पण काही न करता कपडे सैल झाले, तर खूश होऊ नका, डॉक्टरांकडे जा. त्यांनीच रोज वजन करायला सांगितलं असेल, तर काटा ठेवा.

मुलांना मात्र घरी मोजत बसू नका. ते काम डॉक्टरांचं. आपण फक्त आपली पुटपुट बंद करूया. पटतंय का?