निषेधाच्या पुढचे पाऊल : सायबर सुरक्षेचे शिक्षण

१ जानेवारी २०२२. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी अनेक मुस्लिम स्त्रियांना कळले की ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर त्यांचे फोटो टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला आहे. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाने हाच प्रकार झाला होता. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने तपास केला तेव्हा अटक झालेल्यांत विशीच्या आसपासचे विद्यार्थी निघाले.

निषेध झाला, तो व्हायलाच हवा होता. पण असा माग काढणारी, पुरावा न्यायालयात टिकेल असा जपणारी माणसे आपल्या वस्त्यांतून किती तयार होतात? हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारलेला नाही. आपल्या व्यासपीठांवर अल-किंदीचे नाव अभिमानाने घेतले जाते. नवव्या शतकात बगदादमध्ये बसून त्याने, कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून गुप्त लिपी उलगडण्याची रीत लिहून ठेवली. अभिमान जरूर बाळगावा, पण त्याने अक्षरे मोजली होती. आपणही मोजायला बसले पाहिजे.

सायबर सुरक्षा म्हणजे केवळ हॅकिंग, हा पहिला गैरसमज. नवशिक्याला बहुधा पहिली नोकरी मिळते ती देखरेख केंद्रात. पाळीपाळीने बसून नेटवर्कच्या नोंदी पाहायच्या, खरा धोका कोणता आणि खोटी घंटा कोणती हे ओळखायचे. याशिवाय लेखापरीक्षण, नियमपालन, डिजिटल न्यायवैद्यक ही कामे आहेत. वाणिज्य किंवा कायदा शिकलेल्यांनाही इथे जागा आहे.

दुसरा गैरसमज, लाखभर रुपये भरल्याशिवाय हे शिकता येत नाही. ‘तीन महिन्यांत हॅकर, नोकरीची हमी’ अशा जाहिरातींना भुलून आईचे दागिने गहाण टाकू नका. आधी पाया घाला. आयपी पत्ता, पोर्ट, डीएनएस म्हणजे काय ते समजून घ्या. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवा आणि माउस बाजूला ठेवून कमांड लिहायला शिका. थोडे पायथॉन शिका. मग ‘ओव्हर द वायर’चा ‘बँडिट’ हा खेळ सोडवा, ‘वायरशार्क’मध्ये स्वतःच्या घरच्या नेटवर्कची रहदारी पाहा, ‘पोर्टस्विगर’ची वेब सुरक्षेची शाळा करा. हे सारे मोफत आहे. रोज दोन तास दिले तर वर्षभरात पाया पक्का होईल. अभियांत्रिकी किंवा एमसीए झालेल्यांसाठी सी-डॅकचा याच विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती वाटते. पण या विषयातले रोजचे शब्द मोजकेच आहेत. जे शिकाल ते आधी मराठीत वहीत उतरवा, मग मोडक्यातोडक्या का होईना, इंग्रजीत लिहून ‘गिटहब’वर ठेवा. नावावरून डावलले जाण्याची भीती आपल्यातल्या अनेकांना असते आणि ती निराधार नाही. लोकांसमोर मांडलेले काम हे त्यावरचे संपूर्ण उत्तर नाही, पण ते नाकारणे अवघड असते. ‘बुल्ली बाई’ याच गिटहबवर टाकले गेले होते, हेही ध्यानात असू द्या.

एक गोष्ट मात्र कानाला खडा लावून ऐका. परवानगीशिवाय कुणाच्याही संकेतस्थळात, खात्यात किंवा वायफायमध्ये डोकावू नका. मौज म्हणूनही नाही, ‘त्यांना धडा शिकवायचा’ म्हणूनही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या मुलांच्या वाट्याला संशय लवकर येतो, हे कटू असले तरी विसरून चालणार नाही. त्रुटी आढळलीच तर ‘सर्ट-इन’ला कळवण्याचा सरळ मार्ग आहे. दुसऱ्याची माहिती ही आपल्याकडे सोपवलेली अमानत असते. अमानतीचा अर्थ आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

मुलींना विशेष सांगणे आहे. या हल्ल्यांत लक्ष्य तुम्ही होता. म्हणून घरातून ‘फोनच बंद कर’ हा सल्ला मिळाला असेल. तो मानू नका. घरच्यांनीही तो देऊ नये. फोन बंद केल्याने हल्लेखोराला हवे तेच मिळते.

सुरुवात आजच घरापासून करा. अम्मीच्या फोनवर दुहेरी पडताळणी लावा. ‘डिजिटल अटक’ असे काही कायद्यात नसते, हे अब्बांना समजावून सांगा. पैसे गेले तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० ला फोन करायचा, हे मोहल्ल्यातल्या दहा घरांत सांगून या. मशिदीच्या ट्रस्टचा आणि शाळेचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे ते विचारा. या क्षेत्रातले तुमचे पहिले काम तेच आहे. त्याचा पगार मिळणार नाही, पण तिथे जी सवय लागेल तिचा पगार पुढे मिळेल.